जुन्या ट्रॅक्टरचा क्लच व गिअरबॉक्स : बिघाडाची पूर्वलक्षणे ओळखा



मृगाचा पाऊस पडून जातो, रानाला वापसा येतो आणि सगळ्या शिवारात एकच घाई उडते. नेमका त्याच दिवशी आपला ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो. इंजिन धडधडत असते, पण गिअर पडत नाही. पडलाच तर चाक हलत नाही. मिस्त्री शेजारच्या गावी अडकलेला असतो. गिअरबॉक्सचे काम म्हणजे बहुतेक ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात. सुटा भाग तालुक्याला मिळाला तर ठीक, नाहीतर शहर गाठावे लागते. तोवर वापसा निघून जातो. दुरुस्तीचे बिल एकदा भरले की संपते. उशिरा झालेल्या पेरणीचे नुकसान मात्र खळ्यावर माल मोजताना कळते.

आमच्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर एक वाक्य नेहमी असते : “काही नव्हते हो, एकाएकी बंद पडला.” बंधूंनो, इंजिनाच्या एखाद्या नळीचे तसे होऊ शकते. पण क्लच आणि गिअरबॉक्स सहसा एकाएकी जात नाहीत. आजारी पडणारा बैल जसा आधी वैरण कमी खातो, रवंथ थांबवतो, मग पाय ओढतो, तसाच गिअरबॉक्सही बरेच दिवस आधीपासून सांगत असतो. कधी आवाजाने सांगतो, कधी वासाने, कधी जमिनीवर पडलेल्या ऑईलच्या डागाने. ही भाषा ओळखायला मिस्त्री असावे लागत नाही. ती कशी ओळखावी, हे या पत्रकात दिले आहे.

आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षांचे ट्रॅक्टर अजून सर्रास राबतात. एचएमटीचेच पाहा. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ साली या ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले आणि केंद्र सरकारने २०१६ साली हा विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. तरी ते ट्रॅक्टर शेतात चालूच आहेत. अशा जुन्या ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळवणे दिवसेंदिवस कष्टाचे होते. म्हणून ज्यांचा ट्रॅक्टर जुना, त्यांनी तर ही लक्षणे तोंडपाठच करावीत.

शक्ती चाकापर्यंत कशी पोहोचते?

इंजिनाची शक्ती आधी क्लचमध्ये येते. क्लच म्हणजे शक्ती जोडण्या-तोडण्याची जागा. फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट ही क्लच प्लेट दाबून धरते. आपण पायाने पेडल दाबले की हा दाब सुटतो आणि शक्ती तुटते. पुढे गिअरबॉक्स. तिथे लहान-मोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या असतात. त्या वेग कमी करतात आणि जोर वाढवतात. त्याच्या मागे डिफरन्शियल. वळताना बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरावे, ही सोय तिथे असते. शेवटी मागच्या ॲक्सलमधून शक्ती चाकाला मिळते. पीटीओचा दांडाही याच पेटीतून फिरतो.

हे सगळे दाते आणि बेअरिंग ऑईलमध्ये बुडून चालतात. दोन दात्यांच्या मध्ये ऑईलचा पातळ थर असतो, तोवर लोखंड लोखंडाला घासत नाही. ऑईल कमी झाले, पातळ झाले किंवा त्यात पाणी गेले की हा थर तुटतो. मग दात्यावर बारीक खड्डे पडतात, त्यांचे कण सुटतात, ते बेअरिंगमध्ये जातात आणि बेअरिंगही खराब करतात. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांचे ऑईल एकच असते. अशा ट्रॅक्टरमध्ये हेच कण लिफ्टच्या पंपापर्यंत पोहोचतात. एका दात्याचे दुखणे असे सगळ्या घरात पसरते. सुरुवातीला ओळखले तर खर्च थोडा, हा यातला मुख्य मुद्दा.

क्लचची लक्षणे

१. क्लच घसरणे. नांगर किंवा रोटाव्हेटर जमिनीत घातला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही. भरलेली ट्रॉली चढावर घेताना हे स्पष्ट कळते. सोबत जळका, रबर जळाल्यासारखा वास येतो. चाक जागेवर फिरत असेल तर तो क्लचचा दोष नव्हे, जमिनीत पकड नाही इतकेच. चाक फिरत नसताना इंजिन पळाले तर मात्र क्लच घसरतो आहे असे समजावे.

२. गिअर टाकताना खर्रर्र असा आवाज. पेडल पूर्ण दाबूनही सगळेच गिअर खरखरत पडत असतील तर क्लच पूर्ण सुटत नाही. याला ‘क्लच चिकटतो’ असे म्हणतात. पेडलला मोकळी चाल जास्त असली किंवा प्लेट वाकली असली तर असे होते. ही खरखर म्हणजे दात्यांची टोके घासली जात आहेत, हे विसरू नये.

३. सुटताना थरथर. पेडल हळू सोडले तरी ट्रॅक्टर धक्के देत, थरथरत निघतो. प्लेटवर ऑईल लागणे किंवा प्लेट झिजणे ही याची नेहमीची कारणे.

४. पेडल दाबताच घरघर. पेडलवर पाय ठेवला की आवाज सुरू, पाय काढला की बंद, असे असल्यास क्लच दाबणारे रिलीज बेअरिंग झिजले आहे.

यावर पहिला आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे पेडलची मोकळी चाल तपासणे. इंजिन बंद ठेवून हाताने पेडल दाबावे. सुरुवातीला ते हलके जाते आणि मग जड लागते. हलके जाते तेवढे अंतर म्हणजे मोकळी चाल. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ती साधारण एक इंचाच्या आसपास असते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. चाल अजिबात नसेल तर क्लच सतत थोडा दाबलेला राहतो, घसरतो आणि जळतो. चाल फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. ती कमी-जास्त करण्यासाठी पेडलच्या दांड्याला नट असतो. मिस्त्रीकडून एकदा पाहून घेतले की हे काम घरी करता येते.

दुसरे, काम चालू असताना पेडलवर पाय टेकवून बसण्याची सवय मोडावी. पाय फळीवर ठेवावा. नुसत्या पायाच्या वजनानेही बेअरिंग आणि प्लेट दोन्ही झिजतात.

गिअरची लक्षणे

१. एकच गिअर खरखरतो. बाकी सगळे नीट पडतात आणि एकच त्रास देतो, तर दोष क्लचचा नसून त्या गिअरचा आहे. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरमध्ये चालत्या गाडीत गिअर बदलण्याची सोय नसते. ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच गिअर बदलावा. मागचा गिअर तर थांबल्याशिवाय मुळीच टाकू नये.

२. गिअर आपोआप सुटतो. भार आला किंवा भार एकदम कमी झाला की लिव्हर उडून न्यूट्रलला येते. आतली स्प्रिंग आणि गोळी कमजोर झाली, गिअर सरकवणारा फोर्क झिजला किंवा दात्यांची टोके गोल झाली, तर असे होते. हे लक्षण जिवावरचे आहे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

३. लिव्हर जड जाते किंवा फार सैल होते. जड जात असेल तर जोर लावून ठोकू नये. सैल होऊन गिअर सापडत नसेल तर लिव्हरचे खालचे टोक किंवा फोर्क झिजला आहे.

४. डिफरन्शियल लॉक सुटत नाही. चिखलातून निघाल्यावर स्टिअरिंग जड लागते आणि ट्रॅक्टर सरळच ओढतो, तर लॉक अडकलेला आहे. तसाच वळवू नये, आतले दाते तुटतात. लॉक फक्त सरळ चालताना, तोही चाक फसल्यावरच वापरावा.

आवाज कुठून येतो?

सपाट जागेवर, शक्यतो पहाटे किंवा संध्याकाळी आजूबाजूला शांतता असताना हा तपास करावा. कॅसेट-रेडिओ, मोबाईल, सगळे बंद ठेवावे.

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा आहे, पाय क्लचवर नाही आणि घरघर येते. क्लच दाबला की ती थांबते. गिअरबॉक्समधील पहिल्या शाफ्टचे बेअरिंग तपासावे.

चालताना एकाच गिअरमध्ये आवाज येतो. त्या गिअरच्या जोडीचे दाते झिजले आहेत.

सगळ्या गिअरमध्ये सारखी घोंघों येते. सर्वांत आधी ऑईलची पातळी पाहावी. पातळी बरोबर असेल तर बेअरिंगकडे संशय जातो.

सरळ चालताना शांत आणि फक्त वळताना कुरकुर. डिफरन्शियलमधील दोष.

निघताना आणि थांबताना ‘ठक्’ असा एक ठोका. आधी ट्रॉलीच्या हुकाची पिन सैल आहे का पाहावे, कारण पुष्कळदा दोष तिथेच निघतो. ट्रॉली सोडूनही ठोका येत असेल तर आतल्या जोडणीत ढिलेपणा आला आहे.

चाकाच्या वेगाबरोबर वाढत जाणारा टक्-टक्-टक् असा ठराविक आवाज. दात्याचा तुकडा उडाल्याची ही शक्यता. ट्रॅक्टर तिथेच थांबवावा. तुटलेला तुकडा दोन दात्यांमध्ये आला तर पेटीच फोडतो.

ऑईल काय सांगते?

आवाजापेक्षाही आधी बोलते ते ऑईल. आठवड्यातून एकदा, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पातळीची पट्टी काढून पाहावी. पट्टीवरचे ऑईल बोटावर घ्यावे.

रंग दुधाळ, ताकासारखा झाला असेल तर आत पाणी गेले आहे. भातखाचरात चिखलणी केल्यावर किंवा गिअर लिव्हरचे रबर फाटले असताना पावसात उभा ठेवल्यावर असे होते. शंका असल्यास थोडे ऑईल काचेच्या बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी तळाशी पाणी दिसले तर प्रश्नच नाही. पाणी दिसले नाही, पण रंग दुधाळच राहिला, तरीही ऑईल बदलावे. पाणी कुठून आले ते शोधून बंद करावे, नाहीतर नवे ऑईलही तसेच होईल.

रंग काळा आणि वास करपल्यासारखा असेल तर ऑईल जुने झाले आहे किंवा आत फार तापते आहे. तासभर काम झाल्यावर ट्रॅक्टर बंद करून गिअरबॉक्सच्या पेटीजवळ हाताचा पालथा भाग आधी दुरून न्यावा. ऊब लागणे स्वाभाविक आहे. नेहमीपेक्षा फारच तापलेली असेल तर ऑईल, क्लच आणि भार या तिन्हींचा विचार करावा.

ऑईल काढताना खालच्या बोल्टकडे नीट पाहावे. काही ट्रॅक्टरमध्ये या बोल्टला चुंबक असते. त्यावर काळपट, मऊ लेप दिसला तर घाबरू नये. ती रोजची झीज आहे. पण चमकणारे कण, पत्र्यासारखे तुकडे किंवा दात्याचे टोक मिळाले तर ते कागदात गुंडाळून मिस्त्रीला दाखवावे. पिवळसर कण असतील तर पितळेच्या बुशची झीज, पोलादी असतील तर दाते किंवा बेअरिंग, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो.

गळती कुठे आहे, हेही पाहावे. रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा किंवा जुना कागद पसरावा आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, क्लचच्या घराच्या तळाशी एक लहान छिद्र असते. तिथून ऑईल ठिबकत असेल तर इंजिनाचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील गेले आहे. हे ऑईल लवकरच क्लच प्लेटवर जाणार, हे नक्की. काही मंडळी हे छिद्र कायमचे बुजवून टाकतात. तसे करू नये. चिखलणीपुरते बूच लावण्याची सोय काही ट्रॅक्टरना असते. काम संपले की बूच काढावे. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑईल दिसले तर ॲक्सलचे सील फुटले आहे. हे ऑईल ब्रेकपर्यंत गेले की ब्रेक धरत नाही. म्हणून ही गळती लहान मानू नये.

ऑईल बदलण्याचा काळ पुस्तिकेत दिलेला असतो. पुष्कळ ट्रॅक्टरना तो साधारण १००० तासांचा आहे. तास-मीटर बंद पडला असेल तर वर्षातून एकदा, चिखलणी करणाऱ्यांनी चिखलणीचा हंगाम संपल्यावर तपासून बदलावे. पुस्तिकेत सांगितलेलेच ऑईल घालावे. स्वस्त मिळाले म्हणून इंजिनाचे वापरलेले काळे ऑईल गिअरबॉक्समध्ये ओतण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती फार घातक आहे. त्या ऑईलमधली काजळी आणि कण आपण स्वतःच्या हाताने बेअरिंगमध्ये भरतो.

आमच्या भागातील एका भातउत्पादक शेतकऱ्याला चिखलणीनंतर पट्टीवर ऑईल पांढरट दिसले. ट्रॅक्टर उत्तम चालत होता, आवाज नव्हता. घरातल्यांनी ‘चालतोय तर चालू दे’ म्हटले. त्याने ऐकले नाही. लिव्हरखालचे फाटलेले रबर बदलले, ऑईल बदलले आणि एका दिवसात काम आटोपले. तेच पाणी दिवाळीपर्यंत आत राहिले असते तर बेअरिंगना गंज चढून सगळी पेटी खोलावी लागली असती.

उतारावरची गोष्ट

आता महत्त्वाचे. गिअर सुटतो म्हणून लिव्हरला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली किंवा दगडाने अटकाव दिलेला ट्रॅक्टर आपण सर्वांनी पाहिला आहे. हंगामात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे आणि लिव्हरला पट्टी! बंधूंनो, घाटात किंवा ओढ्याच्या उतारावर गिअर सुटला की इंजिनाचा अडथळा संपतो. मागचे सगळे वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलू लागते. वेग वाढल्यावर जुन्या ट्रॅक्टरमध्ये गिअर पुन्हा पडत नाही. एकटा ब्रेक एवढे वजन धरू शकत नाही. पट्टीने लिव्हर दाबून धरली की आतला फोर्क आणखी घासतो, म्हणजे दोष कमी न होता वाढतो.

म्हणून गिअर सुटणारा ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत ट्रॉलीला जोडू नये. वाहतुकीचे पैसे बुडतील, पण माणूस राहील. ट्रॅक्टर चांगला असला तरी डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करू नये, क्लच दाबून धरू नये. ज्या गिअरने चढ चढला असता, त्याच गिअरने उतार उतरावा. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल कडीने जोडलेले असावेत. मालकाने हे चालकाला सांगावेच. चालकाने गिअर सुटतो अशी तक्रार केली तर ‘सांभाळून चालव’ असे उत्तर देऊ नये.

थांबावे की चालवावे?

लगेच थांबवावा : टक्-टक् असा ठोका, ऑईलमध्ये लोखंडाचे तुकडे, गिअर सुटणे, ब्रेकवर ऑईल येणे, क्लचमधून धूर किंवा जळका वास.

हातातले काम संपताच दाखवावा : दुधाळ ऑईल, क्लच घसरण्याची सुरुवात, क्लच दाबल्यावर घरघर, क्लचच्या घरातून ठिबक.

लक्ष ठेवून हंगामानंतर दाखवावा : लिव्हरचा थोडा सैलपणा, एका गिअरची हलकी खरखर, बाहेरच्या जोडावर नुसता ओलावा.

मिस्त्रीकडे जाताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगू नये. कोणत्या गिअरमध्ये, भारावर की मोकळा, क्लच दाबल्यावर की सोडल्यावर, किती दिवसांपासून, हे सांगावे. वहीत लिहून नेले तर उत्तम. नेमकी माहिती दिली की नको ते भाग खोलले जात नाहीत.

जुना ट्रॅक्टर विकत घेताना

बाजारात ट्रॅक्टर पाहायला गेल्यावर रंग आणि टायर पाहून भुलू नये. इंजिन थंड असताना पट्टी काढून ऑईल पाहावे. अगदी ताजे ऑईल दिसले तर ते का बदलले, हे विचारावे. मग सगळे गिअर, हाय-लो आणि मागचा, टाकून चालवून पाहावे. दोन्ही बाजूंना वळवावा. शक्य तर भरलेल्या ट्रॉलीसह चढावर न्यावा.

क्लचची परीक्षा अशी करावी. मोकळ्या सपाट जागेवर, पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करून, हाताचा ब्रेक लावावा आणि दोन्ही ब्रेक जोडून दाबून धरावेत. वरचा गिअर टाकून इंजिन मध्यम वेगावर ठेवावे आणि क्लच हळू सोडावा. चांगला क्लच इंजिनाला दाबून बंद पाडतो. इंजिन चालतच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच, काही सेकंद करावी. वारंवार केल्यास चांगला क्लचही जळेल.

ट्रॅक्टरच्या देखभालीचे रीतसर शिक्षण हवे असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही अशा वर्गांची चौकशी करावी. घरातील एका तरी तरुण मुलाने किंवा मुलीने हे शिकून घ्यावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

पेडलवर पाय ठेवून बसू नका. आठवड्याला ऑईलची पट्टी पाहा. दुधाळ ऑईल एक दिवसही आत ठेवू नका. फसलेली ट्रॉली हिसके देऊन ओढू नका. क्लच एकदम सोडू नका. गिअर सुटत असेल तर ट्रॉली जोडू नका.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. उन्हाळी मशागत आटोपली की मे महिन्यातला एक दिवस ट्रॅक्टरसाठी राखून ठेवा आणि हे पत्रक हातात घेऊन एकेक लक्षण तपासा. दोष निघाला तर मिस्त्रीलाही त्या दिवसांत सवड असते आणि सुटा भाग यायला वेळही मिळतो. पाऊस मात्र आपल्या दुरुस्तीसाठी थांबत नाही.